किमान सर

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, प्रा. सुधाकर तायडे यांनी धुळ्याच्या न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की, खुनाच्या खटल्यात त्यांनी स्वतः दिलेला अहवाल चुकीचा आहे. ते सरकार पक्षाचे साक्षीदार होते. त्या अहवालाच्या आधारावर हारून नावाचा जळगावचा एक टेम्पोचालक सतरा महिने तुरुंगात होता. वार्ताहरांच्या बाकावर त्या दिवशी मी एकटा होतो.

तायडे सर मूळचे बोदवडचे. वडील रेल्वेत गँगमन होते. सरांनी धुळ्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले आणि देवपुरातल्या घराच्या गच्चीवर माश्या पाळू लागले. घरात फिरणाऱ्या नव्हेत. मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या, हिरव्या-निळ्या चमकदार माश्या. मच्छरदाणीचं कापड शिवून केलेले सहा पिंजरे होते. प्रत्येकात प्लास्टिकचा डबा, डब्यात लाकडाचा भुसा आणि त्यावर बकऱ्याच्या काळजाचा तुकडा. भिंतीला तापमापक टांगलेला. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, असं दिवसातून तीनदा ते तापमान वहीत लिहीत. वर जाताना पायरीवर चप्पल काढत. कारण विचारलं तर म्हणत, "लायब्ररीत जातो तेव्हा काढतो ना?"

पंचनाम्यात प्रेत कुजलेलं असेल आणि मृत्यूची वेळ डॉक्टरांना सांगता येत नसेल, तर धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतले पोलीस अधूनमधून सरांना बोलवत. सर जात, अळ्या गोळा करत, काही जिवंत आणून गच्चीवर वाढवत आणि मग त्यांचं वय सांगत. त्या वयावरून माणूस कधीपासून मेलेला आहे याचा अंदाज निघे.

आमची ओळख एका भांडणातून झाली. भडगावजवळ गिरणेच्या पात्रात एक प्रेत सापडलं होतं आणि मी बातमीला मथळा दिला होता, 'मृत्यू सहा दिवसांपूर्वी झाल्याचा तज्ज्ञांचा निष्कर्ष.' दोन दिवसांनी एक उंच, वाकलेले गृहस्थ धुळ्याहून एसटीने जळगावच्या आमच्या कार्यालयात आले. हातात बातमीचं कात्रण होतं.

"ही तुम्ही लिहिली?"

"हो."

"यात एक शब्द कमी आहे."

मी बातमी पुन्हा वाचली. मला काही सापडलं नाही.

"किमान," ते म्हणाले. "मी लिहिलं होतं, किमान सहा दिवस. माशी प्रेतावर कधी आली ते मी सांगू शकतो. माणूस मेला आणि माशी आली, यांच्या मध्ये किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दार बंद असेल, पाऊस असेल, प्रेत झाकलेलं असेल, तर ती उशिरा येते. सहाच्या आत नाही, एवढंच मी सांगतो. सहाच्या पुढे किती, ते मी सांगत नाही. तुम्ही ते सांगून मोकळे झालात."

"सर, मथळ्यात जागा कमी असते."

"मग दुसरा एखादा शब्द काढायचा. 'तज्ज्ञ' काढायचा."

त्यांना चहा दिला. तो त्यांनी घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्ती छापून आणूनच ते शांत झाले. पुढे कळलं की, महाविद्यालयात मुलं त्यांना 'किमान सर' म्हणत. परीक्षेत कुणी 'अळी चार दिवसांची आहे' असं लिहिलं तर अर्धा गुण जाई. वर्गात ते म्हणत, "पोलिसांच्या आधी माशी पोचते आणि ती जबाब बदलत नाही. पण तिला न विचारलेलं तिच्या तोंडी घालू नका."

गच्चीवर मी चार-पाच वेळा गेलो असेन. वास सवयीचा व्हायला वेळ लागे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी कमलताई खाली स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मला वर जाऊ देण्याआधी विचारलं, "जेवून आलात की जेवायचंय?"

"जेवायचंय."

"मग आधी जेवा. वरून आल्यावर कुणी जेवत नाही. आमच्या व्याह्यांनी तर दोन दिवस भाजी चाळून खाल्ली."

वरून सरांचा आवाज आला. "व्याही घाबरट आहेत. त्यांचं तुम्ही काय मनावर घेता?"

"मी चाळीस वर्षं मनावर घेतेय," कमलताई म्हणाल्या, पण हे माझ्याकडे बघून.

त्या दिवशी सरांनी मला जे सांगितलं ते पुढच्या घटनेसाठी आवश्यक आहे. माशी अंडी घालते, दिवसाच्या आत अळी बाहेर येते. अळी चार-पाच दिवस खाते. मग एकाएकी खाणं सोडते आणि चालायला लागते. प्रेतापासून दूर, कोरडी, अंधारी जागा शोधते. भिंतीच्या कडेला, पोत्याखाली, मातीत. तिथे तिची कातडी आकसून कडक आणि तपकिरी होते. तो कोश. आणखी चार-पाच दिवसांनी आतली माशी डोक्याने कोशाचं टोक ढकलते, ते झाकणासारखं उघडतं आणि माशी निघून जाते. रिकामा कोश मागे राहतो. हा हिशेब आपल्याकडच्या ऑक्टोबरातला. जानेवारीत दिवस वाढतात, मे महिन्यात सगळं वेगळंच.

"म्हणजे अळी किती दिवसांची ते थर्मामीटर सांगतो?" मी विचारलं.

"अळीला घड्याळ नसतं. तिला फक्त ऊन कळतं," सर म्हणाले. मग त्यांनी भुशातून एक कोश काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, गडद तपकिरी, दोन्ही टोकांना गोलसर. "याला पोलीस काय समजतात माहितीये? उंदराची लेंडी. मी तीन ठाण्यांत जाऊन शिकवून आलो. लेंडी पोकळ नसते. लेंडीला झाकण नसतं."

एका ऑक्टोबरात, मंगळवारी, धुळ्याबाहेर पारोळा रस्त्यावरच्या मक्याच्या गोदामात रखवालदाराचं प्रेत सापडलं. डोक्यात मागून वार होता. रखवालदाराचं नाव रामदास. तो गोदामातच राहत असे, पत्नी गावी होती, मोबाइल त्याच्याकडे नव्हता. मालक पंधरवड्यातून एकदा येई. रामदासला जिवंत पाहिल्याचं सांगणारा शेवटचा माणूस रस्त्यावरचा चहावाला होता आणि त्याने त्याला बारा दिवसांपूर्वी पाहिलं होतं. प्रेताजवळ उंदीर मारायच्या औषधाचं पाकीट पडलेलं होतं, म्हणून विषाच्या संशयाने पोलिसांनी भिंतीकडेचा केरही एका पिशवीत भरून जप्त केला. वार दिसल्यावर विषाचा विषय मागे पडला आणि ती पिशवी कुणी उघडली नाही.

तायडे सर त्या दिवशी घटनास्थळी गेले नाहीत. कमलताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला होतं. हवालदाराने प्रेतावरच्या अळ्या एका बाटलीत भरून आणून दिल्या. सरांनी त्या तपासल्या. सगळ्यांत मोठी अळी सुमारे पाच दिवसांची होती. त्यांनी अहवालाचा मसुदा केला: किमान पाच दिवस.

त्यानंतर तपास अधिकाऱ्यांचा फोन आला. हे संभाषण सरांनी मला नंतर सांगितलं आणि पुढे न्यायालयातही सांगितलं.

"सर, तो 'किमान' काढता येईल का?"

"काहून?"

"वकील त्या शब्दातून अख्खा टेम्पो काढून नेतो, सर. एक टेम्पोवाला आहे. गुरुवारी दुपारी गोदामाच्या दाराशी उभा असलेला लोकांनी बघितलाय. आधी ताडपत्रीवरून दोघांचं वाजलं होतं. गुरुवार म्हणजे बरोबर पाच दिवस. तुमचंही पाचच येतंय ना?"

"अळीचं पाच येतंय."

"मग झालं तर. पाच लिहा."

सरांनी 'किमान' काढला. त्यांनी लिहिलं: मृत्यू सुमारे पाच दिवसांपूर्वी. केर, भिंत, पोती, जमीन यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. अळ्या चालत जातात हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं.

हारूनला शुक्रवारी जळगावातून अटक झाली. पहिल्या जबाबात त्याने सांगितलं की, तो गुरुवारी ताडपत्री परत मागायला गेला होता, शटर वाजवलं, कुणी उघडलं नाही, आतून वास येत होता. त्याला वाटलं, आत उंदीर मेलेत. त्याआधीचे नऊ दिवस तो सुरतेत होता, टेम्पोच्या इंजिनाचं काम करून घेत. बुधवारी परतला. गॅरेजच्या नोंदी होत्या, पण मृत्यू गुरुवारचा धरल्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता. वासाचं वाक्य जबाबात आहे. त्याच्यापुढे काही विचारल्याची नोंद नाही.

पुढच्या सप्टेंबरात सरांना साक्षीचं समन्स आलं. साक्षीआधी सगळी कागदपत्रं पाहायची त्यांची पद्धत होती. ठाण्यात जाऊन त्यांनी फोटोंचा पूर्ण संच मागितला. एका फोटोत गोदामाची मागची भिंत होती, प्रेतापासून बरीच लांब. पोत्यांच्या कडेला तपकिरी दाण्यांची एक रेघ दिसत होती. पंचनाम्यात त्या जागेचं वर्णन होतं: 'भिंतीलगत मक्याचा भुसा, माती व उंदराच्या लेंड्या.' सरांनी फोटो भिंगाखाली धरला. काही दाण्यांची टोकं उघडी होती.

ठाणे अंमलदाराने विचारलं, "काय दिसलं, सर?"

"लेंड्या दिसल्या," सर म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी त्याच आठवड्यात ठाण्याला पत्र दिलं. पोच मिळाली. सरकारी वकिलांना भेटले. वकील म्हणाले, "सर, फोटोवरून काही ठरतं का? तुम्हाला विचारतील तेवढंच सांगा." सरांनाही फोटोवरून काही ठरवायचं नव्हतं. ऑक्टोबर लागला तसे ते मालकाची परवानगी घेऊन त्याच गोदामात गेले, त्याच जागी डब्यात काळीज ठेवलं आणि रोज बसने जाऊन तापमान लिहिलं. सहाव्या दिवशी अळ्या भिंतीकडे गेल्या. दहाव्या दिवशी दुपारी पहिला कोश उघडला. म्हणजे रामदासचं प्रेत सापडलं त्या मंगळवारी जर रिकामे कोश तिथे होते, तर त्याला मरून किमान दहा दिवस झाले होते. दहा दिवसांपूर्वी हारून सुरतेत होता.

साक्षीची तारीख दोनदा पुढे गेली. सर थांबले.

त्या बुधवारी सरकारी वकिलांनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "हा अहवाल तुमचा आहे का?"

"अहवाल माझा आहे. सही माझी आहे. निष्कर्ष चुकीचा आहे."

कोर्टात थोडी कुजबुज झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "चुकीचा म्हणजे काय?"

सरांनी सांगितलं. फोनवरचं संभाषण सांगितलं, काढलेला शब्द सांगितला, फोटो सांगितला. मग जप्त केलेली पिशवी उघडण्याची विनंती केली. मुद्देमालाच्या यादीत ती अनुक्रमांक सातवर होती. नोंद होती: 'उंदराच्या लेंड्या, माती व भुसा, एक पिशवी.' पिशवीचं सील तोडलं गेलं. कारकुनाने टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर केर ओतला. सरांनी चिमट्याने एक दाणा उचलला, दोन बोटांत धरून दाबला. तो कागदासारखा चुरला. आत काही नव्हतं. दुसरा उचलला, त्याचं उघडं टोक भिंगाखाली दाखवलं. अर्ध्या तासात त्यांनी चाळीसहून अधिक कोश वेगळे केले. लेंड्याही होत्या, त्या त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवल्या.

सरकारी वकिलांनी साक्षीदाराला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली.

"म्हणजे पोलिसांनी तुमच्यावर दबाव आणला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. त्यांनी विचारलं. मी ऐकलं."

"तुम्ही इतक्या वर्षांचे तज्ज्ञ. एका फोनवर अहवाल बदलता?"

"एक शब्द बदलला."

"आणि आज पुन्हा बदलताय. उद्या?"

"उद्याही किमान दहाच राहील," सर म्हणाले. "मला विचारलंत तर अकरा की बारा, ते सांगता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात मथळा होता: 'गोदाम खूनप्रकरणी प्राध्यापक साक्षीदार फितूर'. बातमी मी लिहिली होती. मथळाही मी दिला होता. फितूर हा न्यायालयाचा शब्द आहे. त्याचा कायद्यातला अर्थ एवढाच की, बोलावणाऱ्या पक्षाच्या विरुद्ध साक्ष गेली. वाचकांनी तो तसा वाचला नाही. सरांच्या गल्लीत दोन दिवस लोक थांबून घराकडे पाहत होते. शेजारच्यांनी कमलताईंना विचारलं, "किती मिळाले?" मी फोन केला तेव्हा सर म्हणाले, "शब्द बरोबर आहे. या वेळी तुमचं काही कमी पडलं नाही."

जून महिन्यात हारून निर्दोष सुटला. निकालात रिकाम्या कोशांचा आणि सुरतेच्या गॅरेजच्या नोंदींचा उल्लेख आहे. त्या दिवशी सर न्यायालयात आले होते, शेवटच्या बाकावर. निकालानंतर व्हरांड्यात हारूनची पत्नी नसीम त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. बरोबर तिची सासू होती.

"सर, शुक्रिया म्हणायला आले," नसीम म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सप्टेंबरात शंका आली. ऑक्टोबरात खात्री झाली."

"आणि सांगितलं मार्चमध्ये?"

"पोलिसांना लगेच लिहिलं होतं."

"आमच्या वकिलांना का नाही सांगितलं? जामीन तरी झाला असता."

"ते माझं काम नाही असं वाटलं," सर म्हणाले. "चुकलं माझं."

"हे पहिल्या दिवसापासून बोलत होते, वास येत होता म्हणून. तुमच्या अळ्यांचं ऐकलं सगळ्यांनी. यांचं कुणी ऐकलं नाही." एवढं बोलून ती सासूचा हात धरून जिना उतरली. हारून खाली रिक्षाजवळ उभा होता. तो वर आला नाही.

सर फाटकाशी पोचले तेव्हा तिथे रामदासची पत्नी सुमनबाई बसलेली होती. ती शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून सकाळच्या बसने आली होती. निकाल तिला कुणी नीट सांगितला नव्हता. तिने सरांना ओळखलं.

"आबा, तो सुटना का?"

"सुटला. त्याने मारलं नव्हतं."

"मंग मना मानूसले कोनी मारं?"

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, तसं बसणं त्यांना जमत नसे. "ते मला सांगता येत नाही, अक्का."

"तुमले बठ्ठं माहीत शे म्हनतस लोके."

"माशी कधीपासून आहे एवढं सांगते. कोणी मारलं ते सांगत नाही."

"मंग तिन्हं काय करू मी?" सुमनबाईने विचारलं. सरांना उठवायला मला आणि एका शिपायाला हात द्यावा लागला.

जुलैत सरांनी न्यायालयात आणि ठाण्यात एक अर्ज दिला. त्याची प्रत त्यांनी मला दाखवली. दीड पानाचा, हाताने लिहिलेला. मागण्या दोन होत्या. एक, मृत्यूची वेळ किमान दहा दिवस आधीची धरून, म्हणजे चहावाल्याने पाहिलं ते आणि पहिली माशी आली ते, या दोन दिवसांच्या दरम्यान गोदामाकडे कोण आलं होतं, याचा पुन्हा तपास व्हावा. दोन, मुद्देमाल अनुक्रमांक सातची नोंद 'उंदराच्या लेंड्या' अशी आहे, ती 'माशीचे रिकामे कोश' अशी दुरुस्त करावी. अन्यथा पुढे कोणीही ही यादी वाचून ती पिशवी पुन्हा बाजूला ठेवील. सर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्ही ठिकाणी जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारत. दोन्हीकडच्या बाकांवरची माणसं त्यांना ओळखू लागली होती. ठाण्यातला एक हवालदार म्हणे, "या सर, लेंड्यांचं अजून काही नाही."

"बरं," सर म्हणत. "पण लेंड्या नाहीत त्या."

त्या पावसाळ्यानंतर त्यांनी माश्या पाळणं बंद केलं. ठाण्यातून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा त्यांनी नकार कळवला. पिंजऱ्यांचं कापड कमलताईंनी धुऊन घडी करून ठेवलं. तापमापक भिंतीवर राहिला आणि वहीत नोंदी सुरू राहिल्या. तीनदा, तापमान तेवढंच, पुढचे रकाने कोरे.

जानेवारीत एका सकाळी सर झोपेतच गेले. डॉक्टरांनी दाखला लिहिताना वेळ विचारली. तेव्हा मी घरात होतो. कमलताई म्हणाल्या, "रात्री दहाला वर जाऊन आकडा लिहून आले. सहाला उठले नाहीत. मधलं मला माहीत नाही." डॉक्टर म्हणाले, पहाटे चार लिहितो. कमलताई म्हणाल्या, "चार कुणी पाहिलेत? दहा आणि सहाच्या मध्ये, असं लिहा." डॉक्टरांनी तसं लिहिलं. अंत्ययात्रेला महाविद्यालयातली माणसं आली, बोदवडहून नातेवाईक आले. सुमनबाई दुपारच्या बसने आली. तोवर सगळं आटोपलं होतं. ती कमलताईंजवळ तासभर बसली आणि परत गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ठाण्यात गेली आणि अर्जाचं काय झालं, ते तिने विचारलं.

मी गेल्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी चौकशी केली. गोदामातल्या खुनाचा तपास पुन्हा सुरू झालेला नाही. अर्जावर निर्णय झालेला नाही. मुद्देमालाच्या यादीत अनुक्रमांक सातसमोर 'उंदराच्या लेंड्या, माती व भुसा, एक पिशवी' असं लिहिलेलं आहे.